एअर काढायला दोन माणसं लागतात

आधीच सांगून ठेवतो. यात पदरचं एक अक्षर नाही.

ज्याच्या बाबतीत हे घडलं तो दिनानाथ घरत माझा सख्खा मावसभाऊ. त्याने स्वतःच्या तोंडाने मला सगळं सांगितलं, आणि तेही दारूचा थेंब न घेता. भुताची गोष्ट म्हटली की लोकांना अमावास्या लागते, मध्यरात्र लागते, पिंपळ लागतो. इथे त्यातलं काही मिळायचं नाही. हे झालं भर दुपारी. ठिकाण पेण, वडखळकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं दिनानाथचं गॅरेज. सन १९९६चा दसरा ते ९७चा शिमगा.

गॅरेज आता नाही. तिथे मोबाईलचं दुकान आहे. त्या दुकानदाराला यातलं काही ठाऊक नाही, आणि मीही सांगत नाही. त्याला बिचाऱ्याला कशाला घोर लावा?

तर...

दिनानाथचा हात सोन्याचा, जीभ मात्र काट्याची. गिऱ्हाइकाशी गोड बोलायचा आणि हाताखालच्या माणसाला सोलून काढायचा. त्याला एकच नाद होता. स्वतःच्या हाताने स्वतःची गाडी बनवायची.

मिलिटरीच्या लिलावातून त्याने एका जुन्या जीपचा सांगाडा आणला. त्यावर मेटाडोरचं डिझेल इंजिन चढवलं. बॉडी पेणमध्येच पत्रा ठोकून करून घेतली. दोन वर्षं तो त्यात गढला होता.

"गाडी काय, कोनीपन इकत आनतो," तो सांगत सुटायचा. "मी माझी गाडी जन्माला घातली."

सगळं झालं. राहिले फक्त ब्रेक.

टेबलावर दोन संच पडले होते. एक जीपचेच मूळचे ड्रम ब्रेक, घासून-पुसून नवे लायनर लावलेले. दुसरे डिस्क ब्रेक, एका अपघातात गेलेल्या नव्या गाडीचे, पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरसकट मुंबईच्या भंगार बाजारातून आणलेले. जुने लावायला सोपे. नवे जास्त जोरात धरणारे, पण ते जुन्या चाकांच्या आत मावत नव्हते. नवे ब्रेक लावायचे तर चाकंही बदलायला हवी होती.

आणि ती जुनी चाकं दिनानाथने स्वतःच्या हाताने लालभडक रंगवली होती. रोह्याला सासुरवाडीच्या दारात ती लाल चाकं दिसलीच पाहिजेत, असं त्याच्या डोक्यात बसलं होतं.

इथे सोमा मध्ये पडला.

सोमा अकरा वर्षं त्याच्याकडे कामाला होता. रोह्याच्या वाटेवरच्या भिसे खिंडीपलीकडे, निडीच्या अंगाला त्याची कातकरवाडी. वयाने दिनानाथपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठाच, पण दिनानाथ त्याला अरे-तुरे करायचा आणि तो दिनानाथला शेट म्हणायचा. त्याचं मुख्य काम पॅडलवर बसायचं.

हे जरा समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. ब्रेक खोलून परत बसवले की तेलाच्या नळ्यांत हवा राहते. ती हवा काढावी लागते, नाहीतर पाय दाबला तरी गाडी थांबत नाही. याला गॅरेजवाले एअर काढणं म्हणतात. त्याला दोन माणसं लागतात. एक गाडीखाली, चाकामागच्या छोट्या नटाला पाना लावून. दुसरा वर, पॅडलवर. खालचा ओरडतो, "मार! मार! धर!" वरचा पाय दाबून धरतो आणि सांगतो, "धरला." मग खालचा नट सैल करतो, हवा बुडबुड करत निघते, नट आवळला की म्हणतो, "सोड." चारही चाकांना असंच.

सोमा पॅडलवर बसताना चप्पल काढून ठेवायचा. अनवाणी पायाला हवा कळते म्हणायचा. आणि खरोखरच त्याला कळायची.

"शेट, नवा ब्रेक लावा," सोमा म्हणाला. "इंजिन लय जड हाय. मागं आठ मानसं बसतील. खिंडीत जुना ब्रेक पुरायचा नाय."

"आता तू मना शिकव! आकरा वर्सं पॅडल दाबलास तं मिस्तरी झालास काय रं?"

"मिस्तरी नाय शेट. पन पाय माझा हाय ना."

"पाय तुझा, गाडी माझी. जुनाच लावायचा. ओरिजिनल तो ओरिजिनल."

झालं. जुनेच ड्रम बसले.

खंडेनवमीच्या दिवशी दोघं एअर काढायला बसले. मागची दोन चाकं झाली. पुढचं डावं झालं. तेवढ्यात दिनानाथची बायको सगुणा ताट घेऊन आली. पूजेची वेळ टळत होती. पाने, हातोडे, जॅक, सगळी हत्यारं धुऊन पाटावर मांडली गेली, हळदकुंकू लागलं, झेंडू वाहिला.

आमच्याकडे एकदा हत्यारं पूजेला बसली की दसरा उलटेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. शेजाऱ्याचा पाना मागावा, तर त्याचीही पाटावरच बसलेली.

आणि पुढच्या उजव्या चाकातली हवा तशीच राहिली.

"शेट, एक चाक रायला," सोमा म्हणाला.

"तीन धरतात ना? बस झाले."

दसऱ्याच्या सकाळी गाडीला झेंडूचा हार चढला, चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला. दिनानाथने सासुरवाडीला निरोप धाडला होता, की दसऱ्याला जीप दारात उभी करतो. आता मागे कसा हटणार? नाक कापलं गेलं असतं ना!

पण तो स्वतः बसला नाही.

त्याने चावी सोमाच्या हातात दिली.

"तू ने फुडं. खिंड उतरलास का खाली थांब. मी मोटरसायकलनी येतो. तिथून मी बसन."

नीट ऐका. खिंड सोमाने उतरायची, आणि रोह्यात शिरताना स्टेअरिंगवर दिनानाथ. त्याला माहीत होतं. सगळं माहीत होतं.

सोमाने चावीकडे बघितलं. मग चप्पल काढली, गाडीत ठेवली आणि अनवाणी पायाने बसला.

अर्ध्या तासाने दिनानाथ मोटरसायकलवर निघाला आणि नागोठण्याहून भिसे खिंडीत चढला. पलीकडच्या उतारावर, तिसऱ्या वळणावर, रस्त्यात झेंडूच्या पाकळ्या पडल्या होत्या.

जीप खाली एका झाडाला अडकली होती. सोमा तिच्याहून खाली, दगडात.

तो जिवंत होता. दिनानाथने मला हे सांगितलं तेव्हा त्याची मान खाली होती. सोमा जिवंत होता, हात वर करत होता, आणि दिनानाथने आधी गाडी बघितली. इंजिनाला काही झालंय का ते बघितलं. मग तो सोमाजवळ गेला.

"पाय खाली गेला शेट," सोमा म्हणाला.

एवढंच. दवाखान्यात पोचायच्या आत तो गेला.

पोलिसांनी विचारलं, गाडी याच्याकडे कोणी दिली? दिनानाथने क्षणभरही विचार केला नाही.

"न इचारता नेली साहेब. दसऱ्याची प्यायला होता."

सोमा दारूला शिवत नव्हता. अख्ख्या पेणला ठाऊक होतं. पण कोण बोलणार?

सोमाची बायको कमळी गॅरेजच्या दाराशी येऊन बसली. रडली नाही. फक्त विचारत राहिली.

"त्यानी कदी कोनाची सुई नाय उचलली शेट. गाडी कशी उचलल?"

"माझी दोन वर्सांची मेहनत घालवली गो त्यानी! मी तक्रार करत नाय, हे उपकार समज आनि जा."

ती उठली आणि गेली. दिवाळीनंतर वाडीतल्या लोकांबरोबर वीटभट्टीवर निघून गेली. गरिबाचं दुःख किती दिवस बसून राहणार हो? पोट उठवतंच.

दिनानाथने जीप क्रेनने वर काढली. पत्रा ठोकला, नवी काच बसवली. आणि या खेपेला त्याने ते नवे डिस्क ब्रेक लावले, बूस्टरसकट, चाकंही बदलून. सोमा जे सांगून मेला होता, ते त्याने अक्षरशः तसंच केलं. पण कोणी विचारलं की म्हणायचा, "माझीच आयडिया. आता बाई बसली तरी जागेवर थांबल."

जानेवारी आला. ब्रेक बसले. एअर काढायची होती.

पण पॅडलवर बसायला माणूस नव्हता. सोमाच्या जागी कोणी टिकतच नव्हतं. दिनानाथची जीभ ऐकून दोन दिवसांत पळायचे.

दुपारचे सव्वाबारा झाले होते. सगुणा डबा घेऊन यायची वेळ. तिलाच बसवू पॅडलवर, असा विचार करून दिनानाथ गाडीखाली शिरला. मागच्या डाव्या चाकाच्या नटाला नळी जोडली, नळीचं टोक बाटलीत सोडलं. हातात पाना घेतला.

रस्ता सुनसान होता. शटर अर्धं खाली.

वर... गाडीची सीट करकरली.

"आलीस काय गो?" तो खालूनच म्हणाला. "पॅडलवर पाय ठेव. मी सांगीन तसा मार."

उत्तर आलं नाही. सगुणा तशी कमीच बोलायची.

"मार."

पॅडल दबलं. नळी थरथरली.

"मार. मार. धर!"

त्याने नट सैल केला. बाटलीत बुडबुडे आले. नट आवळला.

"सोड."

पॅडल बरोबर सुटलं. ना आधी, ना नंतर.

दिनानाथ खूश झाला. एक चाक झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. बायको एवढी तयार आहे हे आपल्याला इतकी वर्षं कळलंच नाही, असं त्याला वाटलं. चौथ्या चाकाशी सरकताना तो म्हणाला, "तू तं सोमाच्या वर झालीस गो!"

आणि तेवढ्यात...

शटरखालून सगुणा वाकून आत आली. हातात डबा.

"कोनाशी बोलताव?" तिने विचारलं.

दिनानाथ गाडीखाली होता. त्याला तिचे पाय दिसत होते. दारात. गाडीपासून दहा हात लांब.



आणि वर सीट पुन्हा करकरली. पॅडल आपणहून खाली गेलं. वरून, अगदी रोजच्यासारखा, थकलेला आवाज आला...

"धरला, शेट."

दिनानाथ तीन दिवस तापाने फणफणला. सगुणाने तो आवाज ऐकला नव्हता. ऊन लागलं म्हणून तिने कांद्याचा रस चोळला. त्याने तिला काही सांगितलं नाही.

दुसरा कोणी असता तर गॅरेज विकून मोकळा झाला असता. गेला बाजार नारळ-कोंबडं तरी दिलं असतं. वीटभट्टीवर जाऊन कमळीच्या पाया पडला असता.

दिनानाथने काय केलं?

चौथ्या दिवशी दुपारी बारा वाजता शटर अर्धं खाली ओढलं, गाडीखाली शिरला आणि म्हणाला, "मार."

पॅडल दबलं.

त्याने मला सांगितलं, की आधी त्याला कापरं भरलं. चौथं चाक होईपर्यंत कापरं गेलं. आणि गाडीखालून बाहेर आल्यावर त्याला हसू फुटलं.

"मेला तरी माझ्याच कामावर," तो म्हणाला. रिकाम्या गॅरेजात, मोठ्याने.

मग त्याने पॅडल बघितलं. रबरावर ओल्या तेलात... पाच बोटं उमटली होती. अनवाणी पायाची.

त्याने चिंधी घेऊन पुसून टाकलं.

जीप अशी झाली म्हणता! पाय नुसता ठेवायचा, गाडी जागच्या जागी उभी. गावभर बोलबाला झाला. दिनानाथचा ब्रेक म्हणजे दगड. वडखळहून टेम्पोवाले यायला लागले, डोलवीहून कंत्राटदारांच्या गाड्या, थेट अलिबागहून प्रवासी ट्रॅक्सवाले. तो म्हणायचा, गाडी सोडून जा, दुपारी मी एकटाच करतो, कोणी थांबायचं नाही.

एकटा माणूस एअर कशी काढतो, हे बाकीच्या मिस्त्रींना कळेना. कोणी म्हणे मशीन आणलंय. समोरचा चहावाला गोविंदा म्हणे, "मशीन कसला? शिव्या घालतो आतमधी कोनाला तरी."

खरंच घालायचा. सवय जाते थोडीच?

"हात मोडलं काय रं? जोरात मार! खायला नाय लागत तुला आता, तरी आळस?"

आणि वरून हळूच यायचं... "धरला, शेट."

पगार नाही, जेवण नाही, सुट्टी नाही. दिनानाथसारख्याला आणखी काय पाहिजे होतं? जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. कधी सहा गाड्या, कधी आठ. आवाज दिवसेंदिवस बारीक होत चालला होता. पॅडलवरच्या पायाचा ठसा मात्र रुंद होत होता, सुजलेल्या पायाचा असावा तसा. दिनानाथ रोज तो पुसायचा.

मेलेल्या माणसालाही दमवतात लोक. मी डोळ्यांनी बघितलं नाही, पण या एका गोष्टीवर माझा पूर्ण विश्वास बसतो.

शिमगा आला. सगुणा सात वर्षांच्या पोरीला, मृणालीला घेऊन माहेरी, रोह्याला गेली. जीप तिचा भाऊ निलेश चालवत होता. दिनानाथला कामातून फुरसत नव्हती. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ती लोकं परत यायची होती, खिंडीतून.

"सावकाश ये," असं त्याने निलेशला सांगितलंही नाही. सांगायची गरजच काय? दगडासारखा ब्रेक होता.

त्या दुपारी गॅरेजात तीन गाड्या होत्या. दोन झालेल्या, दाराशी उभ्या. तिसऱ्या टेम्पोखाली दिनानाथ.

वीटभट्टीवरची माणसं शिमग्याला वाडीवर आली होती. कमळी पेणच्या बाजारात आली होती, पोरांना काहीबाही घ्यायला. परत एसटी स्टँडकडे जाताना ती गॅरेजवरून चालली होती. नुसती चालली होती. थांबायचं तिच्या मनातही नव्हतं.

आतून दिनानाथचा आवाज आला, "मार! मार! धर, मेल्या!"

आणि मग...

"धरला, शेट."

कमळी रस्त्यातच उभी राहिली. हातातली पिशवी खाली पडली. गोविंदाने चहाच्या टपरीवरून बघितलं. तो म्हणतो, बाई शटरखालून आत गेली ती वाकली नाही, कोसळल्यासारखी गेली.

दिनानाथला टेम्पोखालून तिचे पाय दिसले. विटांच्या धुळीने लाल झालेले. ते पाय ड्रायव्हरच्या दाराशी येऊन थांबले.

त्याच्या हातातला पाना तसाच राहिला.

"हितं हायस तू?" कमळी म्हणाली. ती दिनानाथशी बोलत नव्हती. "मी तुला नदीवं बघला. खिंडीत जाऊन बसले चार येळा. आनि तू हितं?"

तिचे पाय आणखी जवळ सरकले.

"जेवलास का?"

दार उघडल्याचा आवाज आला.

"पाय बघ केवढं सुजलं तुझं." तिचा आवाज फाटला. "कोनी सांगितला तुला एवढा राबायला? मेल्यावं पन? चल. ऊठ. घरी चल."

दिनानाथ ओरडला, "गो कमळे, बाहेर हो! त्याला हात लावू नको!"

तिने ऐकलंच नाही.

"चल सोमा," ती म्हणाली. "लय झाला काम."

सीट करकरली.

पॅडल वर आलं... टक.

दाराशी उभ्या असलेल्या पहिल्या गाडीतून आवाज आला. टक.

दुसऱ्या गाडीतून. टक.

आणि दिनानाथच्या कानाशी बाटलीतलं तेल उकळल्यासारखं बुडबुडायला लागलं. त्या बाटलीत एवढी हवा यायला जागाच नव्हती, तरी येत होती. दोन महिन्यांत काढलेली सगळी हवा परत यावी तशी येत होती.

तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

या गाड्या ब्रेकवर थांबतच नव्हत्या. जुना नाही, नवा नाही, डिस्क नाही, बूस्टर नाही. प्रत्येक पॅडलवर, ड्रायव्हरच्या पायाखाली, सोमाने पाय धरून ठेवला होता. पेणपासून अलिबागपर्यंत, एवढ्या सगळ्या गाड्यांत, रात्रंदिवस. सगळ्यात आधी जीपमध्ये.

आणि जीप खिंडीत होती.

तो कसाबसा बाहेर आला. कपाळ पत्र्याला लागून फुटलं. कमळी शटरबाहेर निघाली होती. तो तिच्यामागे रस्त्यावर धावला आणि तिच्यासमोर गुडघ्यांवर पडला.

"कमळे, त्याला बोलव! परत बोलव! सगुणा येते खिंडीतून! पोर हाय माझी गाडीत!"

कमळीने त्याच्याकडे बघितलं. त्याला वाटलं होतं ती हसेल, शिव्या देईल. ती नुसती बघत होती.

"त्या दिसी त्याला कोनी पाठवला व्हता, शेट?"

टपरीवर माणसं होती. गोविंदा होता, दोन रिक्षावाले होते. दिनानाथने त्यांच्याकडे बघितलं. पोरीचा जीव टांगणीला लागलेला, आणि हा माणसं मोजत होता! तो स्वतःच सांगतो, की ते एक मिनिट त्याने घालवलं.

"...मी."

"मोठ्यानी बोला."

"मी पाठवला!" तो ओरडला. "एका चाकात एअर व्हती, मना माहीत व्हता, तरी पाठवला! तो प्याला नव्हता! आता बोलव त्याला!"

कमळीने पदराने डोळे पुसले.

"आता कसा बोलवू?" ती म्हणाली. "तो तं माज्या फुडं निघून गेला."

तिने पिशवी उचलली आणि स्टँडच्या दिशेने चालू लागली.

दिनानाथने टपरीशेजारच्या बूथवरून रोह्याला फोन लावला. सासूने उचलला. म्हणाली, निघून पाऊण तास झाला, पोचतीलच एवढ्यात.

त्या दुपारी साडेतीन ते चारच्या दरम्यान वडखळच्या नाक्यावर एक टेम्पो रसवंतीत घुसला. डोलवीच्या वळणावर एक ट्रॅक्स शेताच्या बांधावर चढली. अलिबाग रस्त्याला दोन गाड्या एकमेकींवर गेल्या. माणसं कुठे मेली नाहीत, हातपाय मोडले. सगळ्या ड्रायव्हरांनी एकच सांगितलं, की पाय एकदम खाली गेला. यांचा एकमेकांशी संबंध कोणी लावला नाही. लावणार तरी कसा?

मेली ती सगुणा.

जीप नागोठण्याच्या बाजूच्या उतारावर कठड्याला धडकून उलटली होती. निलेशची छाती दबली, पण तो वाचला. त्याने नंतर शपथेवर सांगितलं, "दाजी, पॅडल घट्ट होता वो. पार वरपासून घट्ट. दुसऱ्या वळणावं पायाखालून कोनी काढून नेल्यासारखा झाला." सगुणाने पोरीला पोटाशी धरलं होतं. म्हणून मृणालीला खरचटलंसुद्धा नाही.

जी बाई कोणाला कधी उणा शब्द बोलली नाही, ती गेली. करणारा राहिला. देव आंधळा असतो की मुद्दाम करतो, मला अजून कळलेलं नाही.

दिनानाथने गॅरेज बंद केलं. नवे ब्रेक खोलून बघितले होते त्याने. एकही भाग तुटलेला नव्हता, एक थेंब तेल गळलेलं नव्हतं. नळ्यांत फक्त हवा होती, आणि ती आली कुठून हे कोणा मिस्त्रीला सांगता आलं नाही. कमळी पुन्हा पेणला दिसली नाही. वाडीवर विचारलं तर म्हणाले, भट्टीवर गेली ती तिकडेच राहिली.

मृणाली आता तिशी ओलांडून पुढे गेलीय. ठाण्याला असते. त्या दिवसाबद्दल ती कधी बोलत नाही. बापाशीही नाही, त्याच्याशी तर ती मुळीच बोलत नाही. मागच्या वर्षी एका लग्नात आम्ही जेवून बसलो होतो, तेव्हा तिने आपणहून विषय काढला.

"काका, त्या दिवशी वळणावर मी सोमाकाकाला बघितलं."

मी हातातला विडा खाली ठेवला.

"तो समोरून चालत येत होता. रस्त्याच्या कडेने, वर, रोह्याकडे. खांद्यावर टॉवेल. मामा ओरडत होता, आई ओरडत होती. मला वाटलं आता तो आपल्याला वाचवणार. लहानपणी मी हाक मारली की हातातलं काम टाकून यायचा ना तो. मी खिडकीतून हाका मारल्या. सोमाकाका, सोमाकाका म्हणून."

"मग?"

"आमच्या गाडीला लागूनच गेला. काम संपवून माणूस घरी निघतो ना, तसा चालला होता," ती म्हणाली. "त्याने मान वरसुद्धा केली नाही."